‘घासाघीस सम्राट’ स्पर्धा बंद करा: आमच्या सहल कंपनीला खुलं पत्र

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग

सप्रेम नमस्कार.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि बाकीच्या कंपन्यांनी ‘हे आमच्याबद्दल नाही’ म्हणून सुटून जावं असं मला वाटत नाही.

गेल्या फेब्रुवारीत तुमच्या मेक्सिको-ग्वाटेमाला सहलीत आम्ही चोवीस जण होतो, त्यातली मी एक. गेल्या आठवड्यात तुमची नव्या मोसमाची पुस्तिका घरी आली. पानं उलटता उलटता ग्वाटेमालातल्या चिचिकास्तेनांगो या बाजाराच्या गावाच्या पानावर थांबले. तिथे आमच्याच गटातल्या एका गृहस्थांचा फोटो आहे. हातात विणलेली एक पट्टी, चेहऱ्यावर विजयी हसू, खाली ओळ: ‘आमचा घासाघीस सम्राट! अडीचशेचं साठात!’ शेजारी जाहीर केलंय की यंदापासून ही स्पर्धा प्रत्येक सहलीत होईल आणि विजेत्याला पुढच्या सहलीवर सवलत मिळेल. त्याखाली: ‘माया पुरोहिताचा विधी प्रत्यक्ष पाहण्याची हमी’ (माया म्हणजे तिथले मूळ लोक). आणि सर्वांत खाली बारीक अक्षरांत, बाजाराचा वेळ दीड तासावरून एक तास, कारण आता त्याच दिवसात आतित्लान सरोवरही उरकायचं आहे.

मार्चमध्ये मी तुम्हाला सविस्तर मेल पाठवली होती. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि सोबत पाच टक्के सवलतीचं कूपन. त्या मेलमध्ये जे जे लिहिलं होतं, ते सगळं पुस्तिकेत वाढवून छापलेलं पाहिलं, म्हणून आता चारचौघांत लिहिते.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी येवल्याची. आमच्या घरात दोन माग होते. एकावर वडील, दुसऱ्यावर काका. शाळेतून आलं की कांड्या भरायचं काम आम्हा बहिणींकडे. दिवाळीच्या तोंडावर व्यापारी यायचा. पैठणी उलटी करून बघायचा, काठावरचा एखादा धागा नखाने उचकायचा, ‘रंग जरा बसलाय’ म्हणायचा आणि आकडा सांगायचा. वडील काही बोलायचे नाहीत. आतून चहा यायचा नाही, एवढाच आमच्या घराचा निषेध. हंगामाला पैसे लागायचे आणि व्यापाऱ्याला ते माहीत असायचं. त्यामुळे घासाघीस म्हणजे दोन बरोबरीच्या माणसांचा खेळ, हे मला कधीच पटलेलं नाही. ज्याला घरी जायची घाई नसते, तो जिंकतो.

ज्यांनी चिची पाहिलेलं नाही (तिथले लोकही एवढं लांब नाव घेत नाहीत, चिचीच म्हणतात) त्यांच्यासाठी थोडं. ग्वाटेमालाच्या पश्चिमेच्या डोंगराळ भागात, किचे प्रांतात, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर हे गाव आहे. ग्वाटेमालातल्याच अँटिग्वा शहराहून अडीच-तीन तास. महामार्गावर लॉस एन्क्वेंत्रोस नावाचा फाटा लागतो, तिथून रस्ता खोल दरीत उतरतो आणि पुन्हा तेवढाच चढतो. आमच्या गाडीत कसारा घाटाची आठवण प्रत्येकाने एकदा तरी काढली. गुरुवारी आणि रविवारी बाजार. आदल्या संध्याकाळपासूनच माणसं येऊ लागतात. कपाळाला रुंद पट्टा लावून पाठीवर ओझं तोललेले पुरुष, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया. रात्री खांब रोवले जातात, ताडपत्र्या ताणल्या जातात, आणि बरेच जण तिथेच ओसरीवर झोपतात. आपण सकाळी अकराला गाडीतून उतरतो तेव्हा त्यांचा दिवस अर्धा झालेला असतो.

कडेच्या गल्ल्यांत प्रवाशांसाठी मांडलेले कपडे, मुखवटे, पिशव्या. पण आत शिरत गेलं की बाजार गावाचा होतो. मक्याचे ढीग, मका शिजवताना घालायचा चुना, कोयते, साबण, मेणबत्त्या, धूप. मधोमध खाणावळींच्या बाकांवर बसलेली कुटुंबं आणि तव्याजवळ बायांच्या हातांचा थप-थप आवाज. भाकरी थापणाऱ्या कुणालाही तो आवाज पाठमोराही ओळखू येईल. चर्चच्या पायऱ्यांवर फुलवाल्या बसतात. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू मूळचा याच मुलखातला. मिरची, पेरू, सीताफळ, चिकू ही मंडळीही त्याच बाजूने आपल्याकडे आली. हे सगळं मला तुमच्याकडून कळायला हवं होतं. घरी आल्यावर वाचून कळलं.

आता तक्रारी.

पहिली वेळेची. तुमच्या वेळापत्रकात ‘पूर्ण दिवस: चिचिकास्तेनांगो’ असं छापलेलं होतं. सकाळी सातला निघालो. वाटेत एका दुकानात पन्नास मिनिटं थांबवलं, जेडचे दागिने बघायला. कुणीही ते मागितलं नव्हतं. दुकानदार प्रत्येकाला कंपनीचं नाव विचारून वहीत लिहून घेत होता. ते का, हे आम्हाला कळत होतं. बाजारात पोचलो दहा पन्नासला, बारा वाजून वीस मिनिटांनी शिट्टी. मग हॉटेलात बुफे. तिथे निम्म्या लोकांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि ठेपले काढले. शाकाहारी मिळणार नाही ही भीती तुम्हीच घातली होती. दोनशे पावलांवर गरम तोर्तिया (मक्याच्या भाकऱ्या), काळ्या घेवड्याची उसळ आणि अवोकाडो मिळत होता. यात कसला मांसाहार आला?

दुसरी जरा गंभीर आहे. गाडीत आमच्याबरोबर आलेल्या तुमच्या सहल-व्यवस्थापकांनी माइकवर सांगितलं, ‘हजार वर्षांपूर्वी माया लोक गूढरीत्या नाहीसे झाले.’ खिडकीबाहेर रस्त्याच्या कडेने माया बाया मुलांना शाळेत घेऊन चालल्या होत्या. उत्तरेच्या सखल जंगलातली तिकालसारखी शहरं नवव्या शतकाच्या सुमारास ओस पडली, हे खरं. माणसं नाहीशी झाली नाहीत. ग्वाटेमालात आजही बावीस माया भाषा बोलल्या जातात आणि त्यांतली सर्वांत मोठी किचे. दहा लाखांच्या आसपास लोकांची ती मातृभाषा आहे. आमच्याबरोबर जो स्थानिक वाटाड्या दिला होता तो राजधानीतला. सज्जन माणूस, इंग्रजी उत्तम, पण किचेचा एक शब्द येत नव्हता. मी त्याला ‘धन्यवाद’ला काय म्हणतात विचारलं, तर त्याने एका फुलवालीला विचारून मला सांगितलं: माल्त्योश. म्हणजे ज्या गावाची माहिती विकायची, त्या गावाची भाषा येणारा माणूस आमच्यात एकही नव्हता. गावातच ओळखपत्र घेऊन उभे असलेले किचे वाटाडे आम्ही डोळ्यांनी पाहिले. तुमच्या व्यवस्थापकांनी त्यांना हाताने बाजूला सारलं.

याच गावातल्या चर्चमध्ये 1701 ते 1703 या काळात फ्रान्सिस्को हिमेनेस नावाच्या धर्मगुरूच्या हाती एक किचे पोथी आली. लॅटिन लिपीत लिहिलेली, पोपोल वुह. त्याने ती उतरवून घेतली आणि शेजारी स्पॅनिश अनुवाद लिहिला. ती मूळ पोथी पुढे नाहीशी झाली, हिमेनेसची प्रत आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. त्यात देव माणूस घडवतात. आधी मातीचा, तो पाण्यात विरघळतो. मग लाकडाचा, त्याला काळीज नसतं आणि घडवणाऱ्याची आठवण नसते, तेव्हा त्याच्याच घरातली मडकी, जाती आणि कुत्री त्याच्यावर उलटतात. शेवटी श्मुकाने ही आजी पिवळा आणि पांढरा मका नऊ वेळा दळते, आणि त्या पिठाचा माणूस होतो. जात्यावर ओव्या गाणाऱ्या आज्यांच्या नातवंडांना ही गोष्ट ऐकायला आवडली नसती का? त्याऐवजी आम्ही ऐकलं की 2012 साली जगबुडी होणार होती ती कशी टळली.

तिसरी देवाची. सांतो तोमासचं ते पांढरं चर्च 1540च्या दशकातलं. ते जुन्या माया देवळाच्या चौथऱ्यावर उभं आहे. समोर अठरा पायऱ्या. माया वर्षाचे वीस-वीस दिवसांचे अठरा महिने, त्यांच्या त्या पायऱ्या, असं सांगतात. खालच्या पायऱ्यांशी धूप पेटलेला असतो, वयस्क माणसं धुपाटणं हलवत पुटपुटत असतात. समोरचा दरवाजा त्यांचा, मानकऱ्यांचा. परक्याने बाजूच्या दाराने जायचं, आत फोटो काढायचा नाही. हे कुठल्याही प्रवासी माहितीपुस्तकात असतं. आमचा गट सरळ समोरून चढला. धुपाटणं घेतलेल्या एका म्हाताऱ्याने हात आडवा केला, तर तुमचे व्यवस्थापक म्हणाले, ‘चला चला, इथे कुणी काही बोलत नाही.’ आत जमिनीवर मेणबत्त्या, पाकळ्या, दारूचे थेंब. लोक आपल्या गेलेल्या माणसांशी बोलत होते. आमच्यातले तिघे व्हिडिओ काढत होते. आपल्याकडे कितीतरी देवळांत मोबाइल बाहेर ठेवून आत जातो ना आपण? मुकाट्याने ठेवतो.

गावाच्या दक्षिणेला टेकडीवर पास्क्वाल अबाह नावाचा देव आहे. काळपट दगडाचा, झिजलेला चेहरा, भोवती राख आणि फुलं. मला पाहताक्षणी आमच्या शिवारातला म्हसोबा आठवला. आम्ही पोचलो तेव्हा एक कुटुंब तिथे काहीतरी मागायला आलं होतं. अहकीह, म्हणजे 260 दिवसांचं पंचांग बघणारा जाणता, त्यांच्यासाठी धूप जाळत होता. एका बाईच्या कडेवर आजारी दिसणारं मूल होतं. चोवीस जणांनी गोल केला. कुणीतरी म्हणालं, कोंबडी कापणार आहेत का, थांबूया का? मी खाली उतरले, पण थांबवलं कुणालाच नाही, हेही लिहून ठेवते.

आणि आता तुम्ही याची ‘हमी’ देताय. विचार करा, हमी कशी देणार? एखाद्या घरात आजारपण, भांडण किंवा पेरणी असेल तेव्हाच माणसं त्या टेकडीवर जातात. गुरुवारी साडेबाराला तुमची गाडी येणार म्हणून कुणी आजारी पडत नाही. म्हणजे कुणाला तरी पैसे देऊन उभं करावं लागेल. तो मग विधी राहत नाही, आणि तुमच्या पुस्तिकेतला ‘प्रत्यक्ष’ हा शब्दही खोटा ठरतो.

चौथी गोष्ट लहान मुलांच्या फोटोंची. ‘गोड आहेत, काढा’ असं गाडीत सांगितलं गेलं. 2000 साली याच डोंगराळ भागातल्या तोदोस सांतोस गावी, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने एका जपानी प्रवाशाला आणि त्या सहलीच्या बसचालकाला ठार मारलं होतं. मूल पळवण्याची भीती तिथे खोल आहे. हे प्रवाशांना न सांगणं हा निष्काळजीपणा आहे, गावकऱ्यांच्याही आणि आमच्याही जिवाशी.

पाचवी, जिच्यावर मी रात्रभर विचार केला होता. चौकाच्या एका बाजूला नगरपालिकेच्या भिंतीवर मोठं चित्र आहे. ‘लोकल आर्ट, फोटो घ्या,’ एवढंच कळलं. ते यादवी युद्धात मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ काढलेलं आहे, पोपोल वुहमधल्या प्रतिमा वापरून. हे युद्ध 1960 ते 1996, छत्तीस वर्षं चाललं. शांतता करार 29 डिसेंबर 1996ला झाला. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने 1999च्या अहवालात म्हटलं की दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, ओळख पटलेल्या बळींपैकी 83 टक्के माया होते, आणि 1981 ते 1983 या काळात काही भागांत सैन्याने वंशसंहाराची कृत्यं केली. सर्वांत जास्त झळ बसली ती किचे प्रांताला, ज्या प्रांतात आपण त्या दिवशी घासाघीसीची स्पर्धा लावली होती. 1992 सालचं शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू याच प्रांतातल्या. त्यांचे वडील 31 जानेवारी 1980ला राजधानीतल्या स्पॅनिश वकिलातीत, आंदोलक आत असताना लागलेल्या आगीत गेले.

मी प्रवचन मागत नाही. सहलीला आलेल्या माणसाला हसायचं असतं, मलाही हसायचं होतं. पण पाच मिनिटं? ज्या बाईकडून मी कापड घेतलं ती माझ्याच वयाची असावी, साठीच्या आगेमागे. 1982 साली ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल. त्या वर्षी मी येवल्यात बारावीच्या निकालाची वाट बघत होते.

आता ते कापड, आणि सहावी तक्रार. गाडीतून उतरताना तुमच्या व्यवस्थापकांनी नियम सांगितले: सांगतील त्याच्या एक तृतीयांशापासून सुरुवात करा, न दिल्यास चालू लागा, त्या मागे धावत येतात. जो सर्वांत जास्त टक्के कमी करील त्याला बक्षीस. टाळ्या पडल्या.

बाजारातलं सगळंच हातमागाचं असतं, असंही त्यांनी सांगितलं. ते खरं नाही. बराच माल यंत्रावरचा असतो, आणि तो घेण्यात काही वाईट नाही, पण तो तसा सांगून विकावा. दोन्हींतला फरक ओळखायला सोपा आहे. तिथल्या बायांचा माग कमरेचा. एक टोक खांबाला किंवा झाडाला बांधायचं, दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेमागे. पुढे वाकलं की ताणा ढिला, मागे रेललं की ताठ. मागाचा अर्धा सांगाडा म्हणजे बाईची पाठच. ताण्याचे धागे कापावे लागत नाहीत, त्यामुळे अशा कापडाच्या चारही कडा मिटलेल्या असतात, कुठे दशी सुटलेली दिसत नाही. घागऱ्यासारखं नेसायचं ‘कोर्ते’चं लांबलचक कापड मात्र पायमागावरचं, ते बहुधा पुरुष विणतात, आणि त्यातलं सूत आधी बांधून रंगवलेलं असतं. तेलिया रुमाल पाहिलेल्याला लगेच कळेल. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की मी शेजारच्या बाईंना हाताला धरून दाखवायला लागले. त्यांना स्पर्धा जिंकायची होती.

ओसरीच्या एका खांबाशी ती बसली होती. तिच्याकडे चारच उईपिल होते, उईपिल म्हणजे त्यांचा चोळीसारखा झगा. त्यांतल्या एकावर दोन डोक्यांचा गरुड. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाज्यांवर कोरलेला असतो तो गंडभेरुंडच जणू. स्पेनच्या राजांच्या चिन्हातही तसा गरुड होता, पण किचे विणकरणी त्याला आपला ‘कोत’ म्हणतात. मी सवयीने कापड उलटं केलं. मागची बाजू बघितली, कडा चाचपल्या. तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि पहिल्यांदाच हसली. मी हातानेच धोटा फेकण्याची खूण केली, मग माझ्या छातीवर बोट ठेवलं. तिला कळलं. किती दिवस लागले, विचारलं. तिने तीन बोटं दाखवली. मी म्हटलं आठवडे असतील. शेजारी बसलेल्या नातीने ‘मेसेस’ म्हटलं, तेवढं स्पॅनिश मला येतं. महिने.

तिने नऊशे केत्साल सांगितले. केत्साल म्हणजे तेव्हा साधारण दहा-अकरा रुपये. आणि मी, कांड्या भरून मोठी झालेली, वडिलांचा चेहरा पाठ असलेली, मी तीनशेपासून सुरुवात केली. गाडीत सांगितलं होतं म्हणून. दोनदा उठल्यासारखं केलं. शिट्टी वाजली तेव्हा ती सहाशेला आली. माझ्या मागे धावत आली नाही. मी थांबले होते, तिने कापडाची घडी घातली, चारही कोपरे जुळवून, आणि पिशवीत ठेवलं. मी माल्त्योश म्हटलं. ती काही म्हणाली नाही.

गाडीत मला दुसरा क्रमांक मिळाला. तिसरा भाग कमी केला म्हणून. बक्षीस एक छत्री होती.

या बायांची बाजू घ्यायला मी नकोच आहे, त्या स्वतः समर्थ आहेत. 2016 साली ग्वाटेमालातल्या माया विणकरणींच्या संघटनांनी तिथल्या संविधान न्यायालयात धाव घेतली. आमच्या गावागावाच्या नक्ष्या कंपन्या यंत्रावर छापून विकतात, त्या नक्ष्यांवर आमचा सामूहिक हक्क माना, ही मागणी. पैठणीच्या जीआयसाठी (भौगोलिक मानांकनासाठी) धडपडलेल्या आपल्या माणसांना हे समजायला वेळ लागू नये. आणि पुस्तिका काढणाऱ्या तुम्हालाही. तुमच्या मुखपृष्ठावरची किनार उईपिलवरूनच उचललेली आहे.

तर माझ्या मागण्या सरळ आहेत.

‘घासाघीस सम्राट’ ही स्पर्धा बंद करा आणि पुस्तिकेतलं ते पान नव्या आवृत्तीतून काढा. भाव करायला माझी ना नाही, बाजार आहे तिथे भाव होणारच. त्यावर बक्षीस नको.

विधीची हमी मागे घ्या. पास्क्वाल अबाहला न्यायचं असेल तर गावातल्या वाटाड्याबरोबर, पाच-सहा जणांच्या गटाने, आणि तिथे कुणी पूजेला बसलेलं असेल तर तसंच मागे फिरायचं, हे आधी सांगून.

चिचीसाठी किचे बोलणारा, गावचा, ओळखपत्रधारक वाटाड्या घ्या आणि त्याला पूर्ण दिवसाचे पैसे द्या. त्या गावात सरकारी नगरपालिकेखेरीज मूळ लोकांची स्वतःची पंचायतही आहे. आमच्या गटाने कसं वागावं ते त्यांनाच विचारा.

जेडच्या दुकानाचा थांबा ऐच्छिक करा आणि त्यातून तुम्हाला काही मिळत असेल तर ते वेळापत्रकात छापा. वाचलेला वेळ बाजाराला द्या, निदान तीन तास. सरोवर दुसऱ्या दिवशी. सहल एका दिवसाने महाग झाली तर होऊ द्या, आम्ही येणारे लोक काही अगदी रोजंदारीवरचे नाही.

चर्चमधले नियम, मुलांचे फोटो, आणि त्या भिंतीवरच्या चित्राची पाच मिनिटांची माहिती मराठीत एका कागदावर छापून प्रत्येकाच्या हाती द्या. हवं तर मी लिहून देते, फुकट. म्हणजे तुमची ‘माया लोक नाहीसे झाले’ ही ओळही आपोआप गळेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. कूपन पाठवू नये.

शेवटचं एक वैयक्तिक काम आहे. परवा मी तुमच्या नाशिकच्या कार्यालयात एक पाकीट देऊन पोच घेतली आहे. त्यात तीनशे केत्सालच्या नोटा आहेत, माझ्याकडे उरलेल्या. इथे त्या कुणी बदलून देत नाही. तुमची पुढची सहल गुरुवारी किंवा रविवारी तिथे असेल तेव्हा त्या पोचवाव्यात. छोट्या कॅल्व्हारिओ चर्चकडून चौकात उतरलं की डाव्या हाताची ओसरी, खांबाशी. त्या बाईचा फोटो माझ्याकडे नाही, मी काढला नव्हता. पाकिटात उईपिलचा फोटो ठेवलाय, पुढून आणि उलट बाजूने. खांबापाशी बसलेल्यांना दाखवा. जिने विणलंय ती ओळखेल.

आपली,
त्या सहलीतली एक प्रवासी
येवला, जि. नाशिक